ऑनलाइन बोलण्यावरचा निर्बंध घटनेत बसतो का, हे कसं तपासायचं?

एखाद्या पोस्टवरून गुन्हा दाखल झाला की चर्चा होते ती पोस्टची. लिहिलं ते योग्य होतं का, भाषा जरा सौम्य हवी होती का, लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, यावर जो तो मत देतो. अडवणाऱ्याला मात्र कुणी फारसं विचारत नाही. भारतीय राज्यघटना उलट्या बाजूने सुरुवात करते. नागरिकाला बोलता येतं, हे तिने अनुच्छेद 19(1)(क) मध्ये आधीच मान्य केलेलं आहे. त्यामुळे तिचा पहिला प्रश्न अडवणाऱ्याला असतो : तुला हा अधिकार कुठून मिळाला?

हा लेख त्या प्रश्नाचा पाठपुरावा कसा करायचा, हे सांगण्यासाठी आहे. कायद्याचं शिक्षण नसलेले, पण पत्रकारिता करणारे, पेज चालवणारे, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन असलेले आणि कायद्याच्या पहिल्या वर्षात शिकणारे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. पायऱ्या आहेत त्याच क्रमाने चढा. बहुतेकांची गल्लत होते ती तिसऱ्या पायरीआधीच पाचव्या पायरीवरचं बोलायला लागल्यामुळे.

सुरुवातीला दोन कागद जवळ घ्या. एक, राज्यघटनेचे अनुच्छेद 12, 13 आणि 19. घटनेचा मराठी मजकूर सहज मिळतो. दुसरा, ज्या कायद्याने, नियमाने किंवा आदेशाने अडवलंय त्याचा मूळ मजकूर. बातमीतला सारांश चालणार नाही, कारण निकाल बहुधा एखाद्या शब्दावर लागतो आणि तोच शब्द बातमीत गळालेला असतो. घटनेतल्या तरतुदीला अनुच्छेद म्हणतात, इतर कायद्यांतल्या तरतुदीला कलम. लेखात मी हाच फरक पाळला आहे.

पहिली पायरी : अडवतंय कोण?

अनुच्छेद 19 मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतो. केंद्र सरकार, राज्य सरकार, विधिमंडळ, पोलीस, जिल्हाधिकारी, महापालिका हे सगळे तिच्यात येतात. फेसबुक किंवा यूट्यूबने स्वतःच्या नियमावलीवर बोट ठेवून तुमचा व्हिडिओ काढला, तर तो घटनाभंग आहे असं म्हणून लगेच न्यायालय गाठता येत नाही. कौशल किशोर प्रकरणात जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या बहुमताने हे हक्क राज्यसंस्थेखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात असं म्हटलं खरं, पण नवख्याने आपल्या तक्रारीचा पाया त्यावर उभारू नये. कंपनीविरुद्धची सरळ वाट म्हणजे आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार आणि तिथे समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत केंद्र सरकारने नेमलेल्या तक्रार अपील समितीकडे अपील. हे अपील ऑनलाइनच करता येतं.

मात्र कंपनीने सरकारच्या सांगण्यावरून पोस्ट काढली असेल तर चित्र पालटतं. हात कंपनीचा असला तरी निर्णय सरकारचा असतो. म्हणून पोस्ट गायब झाल्याची सूचना आली की ‘कायदेशीर मागणीनुसार’ अशा अर्थाचं काही त्यात लिहिलंय का ते बघा आणि तो स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा.

एक बाब इथेच नोंदवतो. अनुच्छेद 19 फक्त नागरिकांना आहे. परदेशी कंपनीला तो थेट मागता येत नाही, तुम्हाला येतो.

दुसरी पायरी : मुळात कायदा आहे का?

अनुच्छेद 19(2) म्हणतो की निर्बंध ‘कायद्याने’ घालता येतात. साहेबांचं तोंडी फर्मान, पोलिसांची प्रेसनोट, कार्यालयीन परिपत्रक यांना तो दर्जा आपोआप मिळत नाही. 1986 साली बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्वच्छ सांगितलं. राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहणारी, पण ते न गाणारी तीन मुलं केरळमध्ये शाळेतून काढली गेली होती. त्यामागे फक्त शिक्षण खात्याची परिपत्रकं होती, कायद्याचं पाठबळ नव्हतं. न्यायालयाने मुलांना परत घ्यायला लावलं.

हे आजही लागू पडतं. निवडणूक किंवा सण जवळ आला की ‘ग्रुपमध्ये काही आक्षेपार्ह आलं तर ॲडमिनवर गुन्हा’ अशा सूचना फिरतात. कोणत्या कायद्याचं कोणतं कलम, असं विचारलं की अनेकदा उत्तर येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये एका ॲडमिनविरुद्धचा खटला रद्द केला तो याच मुद्द्यावर. सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल ॲडमिनला आपसूक गुन्हेगार ठरवणारी तरतूदच कायद्यात नाही. ॲडमिनचा त्यात संगनमताचा किंवा पूर्वनियोजनाचा भाग असेल तर गोष्ट वेगळी.

आदेशात कलमाचा उल्लेख असेल तर पुढे चला. नियम, अधिसूचना, आदेश हेही अनुच्छेद 13 च्या व्याख्येत ‘कायदा’ असतात. म्हणजे तेही घटनेशी विसंगत असतील तर तेवढ्यापुरते शून्य ठरतात. मात्र नियम मूळ कायद्याच्या चौकटीबाहेर गेलेला नाही ना, हे वेगळं तपासावं लागतं. नियमावल्या बऱ्याचदा तिथेच अडखळतात.

तिसरी पायरी : आठांपैकी कोणतं कारण?

इथे थोडं थांबू. माझ्या मते सगळ्या विषयाचा कणा हाच आहे.

अनुच्छेद 19(2) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालायची आठ कारणं दिली आहेत : भारताची सार्वभौमता व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परकीय राष्ट्रांशी मैत्रीपूर्ण संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता वा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि अपराधाला चिथावणी. यादी इथे संपते. ‘इत्यादी’ नाही, ‘जनहित’ नाही, ‘भावना दुखावणे’ नाही, ‘सरकारची बदनामी’ नाही, आणि ‘खोटी माहिती’ हेही नाही. यादी बंदिस्त आहे, नवं कारण तिच्यात घुसवता येत नाही, हे कौशल किशोर निकालातही पुन्हा सांगितलं गेलं.

ही यादी पहिल्यापासून अशीच नव्हती. 1950 साली तिच्यात सार्वजनिक सुव्यवस्था नव्हती. मद्रास सरकारने ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला राज्यात यायला बंदी केली आणि दिल्लीत ‘ऑर्गनायझर’वर छपाईपूर्व तपासणीचा हुकूम निघाला. एक डाव्या विचारांचं, दुसरं उजव्या. दोन्ही हुकूम सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. त्यावर 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्था, परराष्ट्र संबंध आणि अपराधाला चिथावणी ही कारणं घातली. त्याच दुरुस्तीने ‘वाजवी’ हा शब्दही आला. निर्बंध वाजवी आहे का, हे न्यायालयाला तपासता येतं ते या शब्दामुळे. सार्वभौमता व एकात्मता 1963 च्या सोळाव्या दुरुस्तीत आली. थोडक्यात, सरकारला आणखी कारण हवं असेल तर घटनादुरुस्तीची वाट आहे. साध्या कायद्याने किंवा नियमाने ते होत नाही.

यादी बंदिस्त असण्याचं मोल काय, याचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. वृत्तपत्राने किती पानं द्यायची आणि त्यासाठी किती किंमत घ्यायची, हे सरकारने 1960 च्या आदेशाने ठरवून दिलं. मोठ्या वृत्तपत्रांपुढे छोट्यांना टिकता यावं, हा हेतू सांगितला गेला. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. हेतू चांगला असेल, पण ‘सर्वसामान्य जनतेचं हित’ हे कारण धंद्याच्या स्वातंत्र्यावर निर्बंध घालण्यासाठी घटनेत आहे, बोलण्याच्या स्वातंत्र्यासाठी नाही, असं म्हणत न्यायालयाने 1961 साली तो आदेश आणि त्यामागची तरतूद रद्द केली. समाजमाध्यमांसाठीचा एखादा नवा नियम ‘व्यापक जनहितासाठी’ म्हणून पुढे आला की मला आधी हा निकाल आठवतो.

आता ताजं उदाहरण घ्या. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल केला. सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती ‘बनावट, खोटी किंवा दिशाभूल करणारी’ आहे हे सरकारचाच सत्यशोधन कक्ष ठरवणार होता. असा शिक्का बसलेला मजकूर कंपनीने तसाच ठेवला, तर इतरांच्या मजकुराबद्दल तिला जबाबदार न धरण्याचं कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होतं. विनोदी कलाकार कुणाल कामरा आणि इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. जानेवारी 2024 मध्ये न्या. गौतम पटेल यांनी तो नियम अवैध ठरवला, तर न्या. नीला गोखले यांनी वैध. मतं समसमान झाल्याने प्रकरण तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि सप्टेंबर 2024 मध्ये त्यांनी नियम घटनाबाह्य असल्याचं मत दिलं. ‘खोटं’ आणि ‘दिशाभूल करणारं’ ही आठ कारणांत बसत नाहीत, शब्द मोघम आहेत, आणि स्वतःविषयीच्या माहितीचा खरेखोटेपणा सरकारनेच ठरवणं समतेच्या तत्त्वालाही धरून नाही.

याचा अर्थ खोटं पसरवायला मोकळीक आहे असा नाही. खोट्या बातमीने एखाद्याची अब्रू गेली तर अब्रुनुकसानीचं कारण आहे, खोट्या अफवेने दंगल पेटत असेल तर सार्वजनिक सुव्यवस्थेचं आहे. पण प्रत्येक वेळी खोटेपणाला या आठांपैकी एकाचा हात धरूनच यावं लागतं. एकट्या खोटेपणावर बोलणं गुन्हा ठरवता येत नाही.

तर इथे करायचं ते हे : कलमाचा मजकूर घ्या, शेजारी आठ कारणं लिहा आणि कलमातल्या प्रत्येक शब्दासमोर कारण लिहून बघा. जो शब्द एकटा उरतो, तिथे कलम कमकुवत आहे.

चौथी पायरी : बोलणं आणि धोका यांत अंतर किती?

कारण सापडलं म्हणून निर्बंध टिकलाच असं नाही. सार्वजनिक सुव्यवस्थेशी ओढूनताणून तर कशाचाही संबंध लावता येतो. राममनोहर लोहियांनी 1954 साली उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्यांना कालव्याच्या पाण्याची वाढीव पट्टी भरू नका असं सांगितलं आणि त्यांना अटक झाली. सरकारचा युक्तिवाद असा की आज पट्टी नाकारतील, उद्या अव्यवस्था माजेल. सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये तो फेटाळला. संबंध निकटचा हवा, कल्पनेतला दूरचा नको. 1989 च्या रंगराजन निकालात दारूगोळ्याच्या कोठारातल्या ठिणगीची उपमा आली : बोलणं आणि स्फोट इतके एकमेकांना चिकटलेले असले पाहिजेत.

ऑनलाइन मजकुरासाठी सर्वांत उपयोगी कसोटी 24 मार्च 2015 च्या श्रेया सिंघल निकालात आहे. न्यायालयाने बोलण्याचे तीन प्रकार मांडले : चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी. एखाद्या मताची चर्चा करणं किंवा त्याचा हिरिरीने पुरस्कार करणं, मग ते मत कितीही अप्रिय असो, अनुच्छेद 19(1)(क) च्या गाभ्यात येतं. बोलणं चिथावणीपर्यंत पोहोचलं तरच 19(2) चं दार उघडतं.

महाराष्ट्रातलंच एक प्रकरण बघा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाने ऑगस्ट 2022 मध्ये व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं. 5 ऑगस्ट हा जम्मू-काश्मीरसाठी काळा दिवस, असा एक मजकूर आणि 14 ऑगस्टला पाकिस्तानला स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा, असा दुसरा. समाजांत वैर पसरवल्याचा गुन्हा दाखल झाला. मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द करायला नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2024 रोजी रद्द केला. कारणमीमांसा नीट बघा. अनुच्छेद 370 बाबतच्या निर्णयावर टीका करायचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे, ‘काळा दिवस’ म्हणणं हा निषेध आणि वेदनेचा उद्गार आहे, आणि दुसऱ्या देशाच्या नागरिकांना त्यांच्या स्वातंत्र्यदिनी शुभेच्छा देणं ही सदिच्छा आहे. स्टेटसमध्ये कोणत्याही दोन समाजांना एकमेकांविरुद्ध उभं केलेलं नव्हतं. पोलीस यंत्रणेला अभिव्यक्तिस्वातंत्र्याविषयी शिकवण्याची वेळ आली आहे, असंही न्यायालय म्हणालं.

या कलमाचा धाक आजही आहे. पूर्वी ते दंडसंहितेत 153अ होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम 196 आहे. तुमच्यावर किंवा ओळखीच्या कुणावर ते लावलं गेलं तर पहिला प्रश्न हाच विचारा : मजकुरात दोन समूह आहेत का? एका धोरणावरची, एका पक्षावरची किंवा एका पदाधिकाऱ्यावरची टीका या कलमात बसवताना पोलिसांची दमछाक व्हायला हवी.

दुसरा प्रश्न : मजकूर कुणाच्या नजरेने वाचायचा? याचं उत्तर नागपूरने दिलं आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस यांनी लिहिलं की शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीराच्या माणसाच्या मापाने मोजायचा. प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या, डळमळीत मनाच्या माणसाच्या मापाने नाही. ही कसोटी पुढे सर्वोच्च न्यायालयाने उचलली. 28 मार्च 2025 रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करतानाही तीच वापरली. शिवाय त्या निकालात एक व्यवहाराचा मुद्दा आहे : बोलण्याशी संबंधित ज्या गुन्ह्यांना तीन वर्षं किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षा आहे, त्यांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) कलम 173(3) खाली प्राथमिक चौकशी करणं हेच योग्य. चौकशीला मुदत 14 दिवसांची आहे. चौकशी न करता थेट गुन्हा नोंदवला असेल तर वकिलाला हे आवर्जून सांगा.

पाचवी पायरी : शब्द किती मोघम आहेत?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66अ आता अस्तित्वात नाही, तरी ते समोर ठेवून वाचलं की मोघम कायदा म्हणजे काय ते कळतं. 2008 च्या दुरुस्तीने ते आलं. संगणक किंवा फोनवरून अतिशय आक्षेपार्ह किंवा धमकीवजा मजकूर पाठवणं, किंवा खोटं आहे हे माहीत असून त्रास, गैरसोय, धोका, अडथळा, अपमान, इजा, वैर, द्वेष यांसाठी मजकूर पाठवणं हा गुन्हा आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत.

त्रास आणि धोका एकाच ओळीत! गैरसोय आणि वैर यांनाही एकच माप. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली, त्याविषयी पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या आणि तिच्या मैत्रिणीने त्या लाइक केल्या. दोघींना अटक झाली. देशभर संताप उसळला आणि श्रेया सिंघल या तरुणीने याचिका केली.

न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी कलम संपूर्ण रद्द केलं. ‘आक्षेपार्ह’ म्हणजे काय? एकाला जे झोंबतं ते दुसऱ्याला झोंबत नाही. इंग्लंडमध्ये याच धाटणीच्या शब्दांवर, त्याच वस्तुस्थितीवर, खालच्या आणि वरच्या न्यायालयांचं मत उलटसुलट झालं होतं, हे निकालात दाखवलं आहे. कायद्यात मुरलेल्या न्यायाधीशांचं जर एकमत होत नसेल तर ठाण्यातल्या फौजदाराने आणि लिहिणाऱ्या मुलीने रेषा कुठे आहे हे ओळखायचं कसं? मग माणूस काय करतो, तर रेषेच्या आसपास जातच नाही. जे बोलायला पूर्ण मोकळीक आहे तेही धास्तीने बोलत नाही. घटनेला खुपतं ते हे.

सरकारी वकिलांनी हमी दिली होती की कलम जपून वापरलं जाईल. न्यायालयाचं उत्तर असं की सरकारं येतील आणि जातील, कलम मात्र राहील. घटनाबाह्य कायदा आश्वासनाच्या टेकूवर उभा राहत नाही. कोणतंही विधेयक ‘याचा दुरुपयोग होणार नाही’ म्हणून मांडलं गेलं की हे ध्यानात असू द्या.

एक गैरसमजही दूर करतो. इंटरनेटसाठी वेगळा कायदा करताच येत नाही, असं न्यायालयाने म्हटलेलं नाही. उलट, हे माध्यम छापील माध्यमाहून वेगळं असल्याने त्यासाठी वेगळे गुन्हे ठरवता येतात, हे मान्य केलं. फक्त माध्यम वेगळं म्हणून आठांची यादी सैल होत नाही.

दुर्दैव असं की रद्द झाल्यावरही हे कलम ठाण्यांत वापरलं जात राहिलं. ऑक्टोबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला की त्याखाली कुणावरही खटला चालवू नये, चालू असलेले उल्लेख काढून टाकावेत. एफआयआरमध्ये 66अ दिसलं तर तेवढ्यावर हरकत घ्या. मात्र 66क, 66ड (इंग्रजीत 66C, 66D) ही कलमं ओळखचोरी आणि तोतयेगिरीसाठी आहेत आणि ती जिवंत आहेत, गल्लत नको.

सहावी पायरी : उपाय रोगाला साजेसा आहे का आणि रीत पाळली का?

कारण आहे, संबंध निकटचा आहे, शब्दही नेमके आहेत. तरी विचारायचं उरतं : हेच काम कमी निर्बंधाने झालं नसतं का? याला प्रमाणबद्धतेची कसोटी म्हणतात. इंटरनेटबंदीत ती सर्वांत स्पष्ट दिसते. जम्मू-काश्मीरमधल्या ऑगस्ट 2019 पासूनच्या बंदीवर अनुराधा भसीन प्रकरणात 10 जानेवारी 2020 रोजी निकाल आला. इंटरनेटवरून बोलणं आणि धंदा करणं दोन्ही अनुच्छेद 19 च्या संरक्षणात येतं, बेमुदत बंदी चालणार नाही आणि आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत. आदेशच दिसला नाही तर त्याला आव्हान देणार कसं? म्हणून तुमच्या जिल्ह्यात नेट बंद झालं तर पहिली मागणी आदेशाच्या प्रतीची करा. आता 2024 चे नियम लागू आहेत. एका आदेशाची कमाल मुदत 15 दिवस आहे आणि आढावा समितीने पाच दिवसांत तो तपासायचा असतो.

जमावबंदीचा आदेशही असाच वाचा. पूर्वीचं कलम 144, आताचं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163. मतभेद दडपायचं हत्यार म्हणून ते वापरता येत नाही, हे याच निकालात आहे.

मजकूर बंद करण्याच्या दोन वाटा आहेत आणि त्यांत फरक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 69अ खाली केंद्र सरकार वेबसाइट किंवा खातं बंद करायला लावू शकतं, पण कारणं आठांपेक्षाही कमी आहेत. त्यात अब्रुनुकसानी नाही, अश्लीलताही नाही. श्रेया सिंघल निकालात हे कलम टिकलं ते कारणं लेखी नोंदवण्याचं बंधन, समिती आणि सुनावणीची तरतूद यांच्या बळावर. गाऱ्हाणं असं की याच नियमावलीत गोपनीयतेचा नियम आहे आणि त्याच्या आडोशाने लिहिणाऱ्याला आदेशच मिळत नाही. दुसरी वाट त्याच कायद्याच्या कलम 79(3)(ख) ची. त्याच निकालाने सांगितलं होतं की न्यायालयाचा आदेश किंवा सरकारची सूचना आली तरच कंपनीला मजकूर काढावा लागतो, आणि तीही आठ कारणांच्या आत हवी. सरकारच्या ‘सहयोग’ पोर्टलवरून या वाटेने जाणाऱ्या सूचनांना दिलेलं आव्हान कर्नाटक उच्च न्यायालयाच्या एकल पीठाने सप्टेंबर 2025 मध्ये फेटाळलं. मला तो निकाल पटत नाही. 69अ मध्ये जी रीत आहे ती दुसऱ्या वाटेवर नाही, आणि रीतच तर पहिल्या कलमाचा आधार होती. पण तुमच्या युक्तिवादात या निकालाला सामोरं जावंच लागेल.

सातवी पायरी : आता जायचं कुठे?

इथवरचं सगळं कागदावर आलं की मग पावलं उचला, पण क्रम सांभाळून. पोलिसांचा फोन आला तर घाबरून पोस्ट उडवू नका, ती तारीख, वेळ, लिंक आणि प्रतिक्रियांसह जपा. उडवलेल्या पोस्टमधला पुढचामागचा संदर्भ तुमच्याच कामाचा असतो. एफआयआरची प्रत मागा. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत सरसकट अटक करायची नसते. आधी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची हजर राहण्याची नोटीस हा नियम आहे. अटक झालीच तर कारण सांगणं आणि 24 तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणं हे अनुच्छेद 22 ने बंधनकारक केलं आहे. घटनेचा युक्तिवाद कितीही भक्कम असला तरी तो तपास त्याच दिवशी थांबवत नाही, म्हणून जामिनाचं आधी बघा.

मग उच्च न्यायालय. सर्वोच्च न्यायालयात अनुच्छेद 32 खाली थेट जाता येतं, पण ते बहुधा आधी उच्च न्यायालयात जा असंच सांगतं. अनुच्छेद 226 ची याचिका मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आणि ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातही करता येते. गुन्हा रद्द करून मागायचा असेल तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 528 सोबत जोडलं जातं. दंडाधिकारी कायदा घटनाबाह्य ठरवू शकत नाहीत, तो मुद्दा त्यांच्यापुढे रेटण्यात वेळ घालवू नका.

कुठे जपून राहायचं, तेही सांगतो. फौजदारी अब्रुनुकसानी 2016 च्या सुब्रमण्यम स्वामी निकालात टिकली आहे, आज ती न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. तिथे घटनेपेक्षा पुरावा आणि कायद्यातले अपवाद जास्त कामी येतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या अश्लीलतेच्या कलम 67 मध्ये शिवराळ भाषा आणि कामुक मजकूर हे वेगळे आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2024 मध्ये एका वेबमालिकेच्या प्रकरणात म्हटलं, त्याचा आधार घ्या. बालकांविषयीच्या लैंगिक मजकुराला मात्र यातल्या कोणत्याही युक्तिवादाचं संरक्षण नाही आणि नसावं. देशद्रोहाचं जुनं कलम 124अ मे 2022 पासून स्थगित होतं, आता दंडसंहिताच गेली आहे. त्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम 152 ची भाषा वेगळी आहे, म्हणून जुने निकाल त्याला जसेच्या तसे चिकटवू नका.

याचिकेत मागणी काय करायची, हे वकिलाबरोबर बसून ठरवा, कारण तीन वेगळ्या गोष्टी मागता येतात. कलमच रद्द करा, जसं 66अ चं झालं. कलम ठेवा पण त्याचा अर्थ घटनेच्या आत आवळा, जसं कलम 79 चं झालं. किंवा कलमाला हात न लावता फक्त हा गुन्हा रद्द करा, जसं कोल्हापूरच्या प्राध्यापकाच्या बाबतीत झालं. न्यायालय कायदा वैध आहे असं गृहीत धरून सुरुवात करतं. तो तुमच्या बोलण्यावर आघात करतो हे तुम्ही दाखवून दिलं की तो वाजवी आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर येते. पहिली मागणी जितकी मोठी, तितका वेळ लागणार. म्हणून तिन्ही मागण्या पर्यायी म्हणून मांडा आणि गुन्हा रद्द करण्याच्या मागणीसाठी अंतरिम दिलासा स्वतंत्रपणे मागा.